राणी झालीस, बाकीच्या मोलकरणींचं काय?

आपल्या पोरी सध्या काय वाचतात ह्याचा चळवळीतल्या भल्याभल्यांना पत्ता नाही. शिबिरात पुस्तकांचं टेबल लागतं. टेबलावर फुले असतात, बाबासाहेब असतात, मार्क्स असतो. टेबल सांभाळणाऱ्या पोरीच्या पिशवीत मात्र सहाशे पानांचा इंग्रजी ठोकळा असतो. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, मधोमध खंजीर नाहीतर काटेरी वेल. फाउंटनच्या फुटपाथवरनं आणलेली चोरटी कॉपी, नाहीतर मोबाईलवरची पीडीएफ. काय वाचतेस गं, असं विचारलं की ती पिशवीची चेन लावून टाकते. कारण तिला ठाऊक असतं, आता कोणीतरी दादा नाक मुरडणार. ‘असलं भंकस वाचतेस? राजपुत्र आणि पऱ्या? कार्यकर्ती आहेस ना तू?’

मला ह्या दादांशी भांडायचंय आणि त्या पोरींशीपण भांडायचंय. दोन्ही भांडणं एकाच लेखात उरकते, कागद महाग आहे.

आधी हा माल काय आहे ते सांगते. ह्याला रोमँटसी म्हणतात. रोमान्स आणि फँटसीचं कडबोळं. त्यातही जी सगळ्यात जास्त खपते ती काळोखी जातीची, आणि तिचा ठरलेला साचा म्हणजे एनिमीज टू लव्हर्स. आधी हाडवैरी, मग प्रियकर. एक राज्य असतं. राज्य करणारे माणसासारखे दिसतात पण माणूस नसतात. त्यांचं रक्त वेगळं, आयुष्य शेकडो वर्षांचं, रूप देखणं, ताकद जन्मजात. त्यांच्या पायाखाली साधी माणसं. त्या साध्या माणसांतली एक पोरगी असते. फाटकी, उपाशी, कमरेला सुरा, जिभेला धार. कोणापुढं मान खाली घालत नाही. तिला धरून नेतात, कोंडतात, परीक्षा घेतात. आणि ज्याचा गळा चिरायची तिनं शपथ घेतलेली असते त्याच्यावरच तिचा जीव जडतो.

हे फुटकळ प्रकरण नाही. सारा जे. मासची ‘ए कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ २०१५ साली आली आणि तिथून ही लाट उठली. हॉली ब्लॅकची ‘द क्रुएल प्रिन्स’ २०१८ ची, रेबेका यारोसची ‘फोर्थ विंग’ २०२३ ची. यारोसच्या मालिकेतला तिसरा भाग ‘ऑनिक्स स्टॉर्म’ जानेवारी २०२५ मध्ये निघाला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या २७ लाखांवर प्रती उडाल्या. आपल्याकडं टिकटॉक २०२० साली बंद झालं, पण रील बंद झाल्या नाहीत. न्यूयॉर्कची पोरगी जे पुस्तक छातीशी धरून रडते ते आठ दिवसांत कुर्ल्याच्या पोरीला ठाऊक होतं.

आता दादांशी.

दादा, तुम्ही म्हणता हा पळपुटेपणा आहे. मी म्हणते, पळायला जागा कोणाला लागते? जिला घरात जागा नाही तिला. अमेरिकेतल्या एका गावच्या रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी बोलून जॅनिस रॅडवे नावाच्या बाईनं १९८४ साली एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्या बायकांचं म्हणणं असं की पुस्तक हातात आहे तोवरचा वेळ आमचा स्वतःचा. तेवढा वेळ नवरा नाही, पोरं नाहीत, भांडी नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथल्या पोरीला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. आणि तुम्ही जे पिक्चर बघता, ज्यात एक हिरो चाळीस गुंडांना लोळवतो, ती क्रांती असते काय? तुमच्या स्वप्नाला विद्रोह म्हणायचं आणि पोरीच्या स्वप्नाला भंकस, ही कुठली समता आणलीत?

दुसरं. ह्या पुस्तकांतली पोरगी नाही म्हणते. पानापानावर म्हणते. सिंहासनाला म्हणते, तलवारीला म्हणते, बापाला म्हणते. आमच्या पोरीला शाळेत, घरात, बसमध्ये, ऑफिसात सगळ्यांनी शिकवलेलं असतं की गप बस, दिसेल तसं सोस. तिला उलटून बोलणारी एक बाई कुठंतरी भेटते आणि ती सहाशे पानं मरत नाही, हे काय थोडं झालं? ‘फोर्थ विंग’मधली व्हायोलेट ग्रंथालयात वाढलेली, सांधे निखळणारी, अंगानं दुबळी पोरगी. तिच्या देशात बंडखोरांना मारून टाकलंय. त्यांच्या पोरांच्या अंगावर जादूनं खूण उमटवलीय, त्यांना सक्तीनं सगळ्यात जीवघेण्या पलटणीत घातलंय, त्यांनी घोळक्यानं जमणं गुन्हा ठरवलंय. आणि सरकारी दप्तरातला इतिहास खोटा आहे, मुद्दाम गाळलेला आहे, हे तिला हळूहळू कळतं. राज्यकर्त्यांनी लिहिलेला इतिहास खोटा असतो हे वाचून आपल्या पोरीचं टाळकं तापत असेल तर तापू दे की. आपण काय वेगळं सांगतो?

दादांचं झालं. आता पोरींनो, तुमच्याशी.

हा साचा नवा नाही. वाचताना तो ओळखायला शिका, मग खुशाल वाचा. १७४० साली दोन गोष्टी झाल्या. लंडनमध्ये सॅम्युएल रिचर्डसननं ‘पामेला’ काढली. पंधरा वर्षांची मोलकरीण. मालक तिच्या अंगाला झटतो, तिला दूरच्या घरात डांबतो, तिची पत्रं वाचतो. ती झुंजते, नाही म्हणते, पुन्हापुन्हा म्हणते. शेवटी मालक सुधारतो आणि तिच्याशी लग्न करतो. पुस्तकाचं उपनावच ‘सद्गुणाचं बक्षीस’. बक्षीस काय, तर मालक! पुढच्याच वर्षी हेन्री फील्डिंगनं ‘शामेला’ लिहून तिची टिंगल केली, पण टिंगल मालकापेक्षा मोलकरणीचीच जास्त केली. हेही लक्षात ठेवा.

त्याच १७४० मध्ये फ्रान्समध्ये मादाम द व्हिलनव्ह ह्या बाईंनी ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ लिहिली. पशूच्या महालात कोंडलेली व्यापाऱ्याची पोर. तिच्या प्रेमानं पशूचा राजपुत्र होतो. आपल्याला इथवर ठाऊक असतं. पुढं काय होतं ते पोरांच्या पुस्तकांतून गाळलंय. राजपुत्राची आई, राणी, आधी त्या पोरीचे उपकार मानते आणि मग ती व्यापाऱ्याची आहे हे कळल्यावर लग्नाला तोंड वाकडं करते. पोराचा जीव वाचवलास, ठीक, पण सून म्हणून नको. मग परी पुढं येऊन सांगते, अहो, ही व्यापाऱ्याची नाहीच, ही खरी राजाची आणि परीची मुलगी. लगेच सगळे खूष. लग्न लागतं.

आपल्याकडं ह्याला काय म्हणतात ते मी सांगायला पाहिजे काय? पोरगी चांगली आहे हो, पण कुळ?

हाच खेळ आजवर चाललाय. सारा मासचीच ‘थ्रोन ऑफ ग्लास’ २०१२ साली सुरू झाली. नायिका मिठाच्या खाणीत गुलाम. खुनी म्हणून पकडलेली, पाठीवर चाबकाचे वळ. वाचताना रक्त उसळतं. आणि दोन-तीन भाग गेले की कळतं, ही गुलाम नव्हेच, ही हरवलेली राजकन्या, गादीची वारस. म्हणजे तिची ताठ मान, तिची हिंमत, तिचं कौशल्य, हे सगळं शेवटी राजरक्ताच्या खात्यावर जमा. त्या खाणीत शेजारी जे हजारो मीठ फोडत होते त्यांच्या रक्तात काही नव्हतं, म्हणून ते तिथंच मेले. साला, हे कर्मसिद्धान्ताहून वेगळं कसं?

त्याच मालिकेत नेहेमिया आहे. काळ्या कातडीची, जिंकलेल्या देशाची राजकन्या. तिची माणसं गुलाम म्हणून राबतायत, आणि तिच्या डोक्यात पहिल्यापासून राजकारण पक्कं आहे. तिचं काय होतं? दुसऱ्या भागात ती मरते. गोऱ्या मैत्रिणीनं अखेर उठावं, लढावं, म्हणून स्वतःचं मरण ती स्वतःच जवळ करते. तिकडच्या काळ्या वाचकांनी ह्यावर बोंब ठोकली, आणि बरोबर ठोकली. लढा तिचा, देश तिचा, आणि ती मरायची कशासाठी, तर दुसरीच्या कथेला धग यावी म्हणून. दुसऱ्याच्या विद्रोहाचं सरपण व्हायचं काम आपल्याला ओळखीचं आहे.

‘कोर्ट ऑफ थॉर्न्स’मध्ये फेयरा आहे. पडक्या झोपडीत राहणारी, शिकार करून बहिणींना पोसणारी, लिहिता-वाचता न येणारी. मला ती आवडते. पण पहिल्या भागाच्या शेवटी ती मरते तेव्हा सात दरबारांचे सात राजे तिच्यात आपापल्या ताकदीचा एकेक कण घालतात आणि ती जिवंत होते. माणूस म्हणून नाही, त्यांच्या जातीची होऊन. कान टोकदार, आयुष्य न संपणारं. ह्याला शुद्धी म्हणतात, मैत्रिणींनो. तुम्हाला वर घ्यायचं, पण आधी तुमचं माणूसपण धुऊन काढायचं. एका पोरीचं रक्त बदलून तिला वरच्या दरबारात बसवलं म्हणजे भिंत पडत नाही. भिंतीला एक दार होतं, ते आतून बंद झालं एवढंच.

आणि तो प्रियकर. रायसँड. पहिल्या भागात तो तिचा मोडलेला हात पिरगाळून तिच्याकडनं करार करवून घेतो. रोज रात्री तिच्या अंगावर रंग फासून, अर्धी कपड्यांत, दारू पाजून दरबारात नाचवतो. दुसऱ्या भागात खुलासा येतो की हे सगळं तिला वाचवण्यासाठी होतं, दुष्ट राणीला संशय येऊ नये म्हणून. आणि तो खुलासा इतक्या गोड भाषेत येतो की आपण विरघळतो. कादंबरीत लेखिका त्याच्या मनात शिरून सांगते की तो आतून चांगला होता. आपल्या आयुष्यात असं सांगायला कोण येणार?

आता खरं बोलू. वर्गात एक पोरगा असतो. पहिल्या वर्षी तो तुझ्या ॲडमिशनवरनं टोमणे मारतो, कोट्यातली म्हणतो. दुसऱ्या वर्षी तू त्याला सगळ्यांदेखत तोडून बोलतेस. तिसऱ्या वर्षी तो म्हणतो, तू बाकीच्यांसारखी नाहीस. तुला वाटतं, आली, आपली कादंबरी आली. वैरी वळला. पण ‘बाकीच्यांसारखी नाहीस’ ह्यातले बाकीचे कोण, ते विचार एकदा. तुझी आई, तुझी बहीण, तुझी वस्ती. तो तुला त्यांच्यातून उचलून वेगळी काढतोय. त्यांच्याबद्दलचं त्याचं मत आहे तिथंच आहे. आणि त्याच्या आईला तुझं आडनाव सांगायची वेळ येते तेव्हा तो अजून योग्य वेळ बघतोय म्हणतो. त्याच्या मनात शिरून खुलासा देणारं पुढचं प्रकरण इथं छापलेलं नसतं.

म्हणून मी माझ्यापुरत्या तीन गोष्टी विचारते, पुस्तक कुठलंही असो. एक, शेवटी गादी कोणी सोडली? ती वर चढली की तो खाली उतरला? दोन, तिची हिंमत तिची स्वतःची राहिली, की रक्तातून निघाली? तीन, महालाच्या स्वयंपाकघरात जी बाकीची माणसं राबत होती त्यांचं काय झालं?

ह्या तिन्ही प्रश्नांना सगळीच पुस्तकं नापास होत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर मीपण नाक मुरडणारी दादाच.

हॉली ब्लॅकची ज्यूड घ्या. ज्यानं आईबापांना डोळ्यांसमोर मारलं त्याच सेनापतीच्या घरात वाढलेली माणसाची पोर. ज्या राजपुत्रावर पुढं जीव जडतो तो तिला मर्त्य म्हणून छळतो. पण ह्या ज्यूडला कोणी राजरक्त चिकटवत नाही. ती माणूस असते आणि माणूसच राहते. तिथल्या राज्यकर्त्यांना खोटं बोलताच येत नाही, माणसांना येतं. ज्याला ते हलकेपणा समजतात तेच ती हत्यार करते. राजपुत्राला शब्दात अडकवून वर्षभर आणि एक दिवस आपल्या हुकमात ठेवते. आणि ह्याच पुस्तकात स्वयंपाकघराकडं एक नजर टाकलीय. महालात जादूनं भूल घालून राबवलेली माणसं आहेत, त्यांना आपण राबतोय हेही कळत नाही. ज्यूड त्यातल्या एका पोरीला, सोफीला, सोडवते. भूल उतरते आणि आपलं काय झालंय ते कळल्यावर ती पोरगी समुद्रात जीव देते. ती दोन पानं मला आख्ख्या प्रेमकथेहून जास्त काळोखी वाटली. पण कथा पुढं सरकते ती गादीकडंच. सोफी मागं राहते.

सबा ताहिरची ‘ॲन एम्बर इन द ॲशेस’ त्याहून पुढं जाते. ही पाकिस्तानी आईबापांची अमेरिकन बाई वॉशिंग्टन पोस्टमध्ये कामाला होती. काश्मीरमध्ये ज्यांचे पुरुष उचलून नेले गेले अशा बायकांची बातमी तिच्या वाचनात आली आणि त्यातून ही कादंबरी सुचली, असं तिनं सांगितलंय. २०१५ ची. लाया जिंकलेल्या जातीची, भावाला शिपायांनी नेलेलं. त्याला सोडवायला ती वैऱ्याच्या लष्करी शाळेत गुलाम होऊन शिरते. इथं स्वयंपाकघर गोष्टीच्या मध्यावर आहे. तिथं एक डोळा काढलेली पोरगी आहे आणि तिची-लायाची दोस्ती आहे. बंडखोरांचा पुढारी लायाला फसवतो, हे आपल्यातल्या पुढाऱ्यांनी दोनदा वाचावं. आणि वैऱ्याकडचा एलियस? तो लायाला वर घेत नाही. तो मुळातच ती फौज सोडून पळायच्या बेतात असतो. वैऱ्यावर प्रेम करायचंच असेल तर असल्यावर करा, जो तुम्ही भेटायच्या आधीच आपल्या वर्दीला विटलाय.

आणि ताशा सुरीची ‘द जॅस्मिन थ्रोन’, २०२१ ची. इंग्लंडमध्ये वाढलेल्या पंजाबी बाईंनी आपल्याच मातीवरनं उभारलेलं जग. जिंकलेल्या मुलखातली मोलकरीण प्रिया आणि साम्राज्याची राजकन्या मालिनी. मालिनीच्या भावानं, सम्राटानं, तिला चितेवर चढायला सांगितलं आणि ती चढली नाही, म्हणून कैदेत आहे. वैरिणी, आणि मग प्रेयसी. दोघी बायका. त्यात एक गोष्ट वाचून मी उडालेच. प्रियाच्या मुलखात देवळातली पोरं मृत्यू नसलेल्या पाण्यात उतरतात. जिवंत वर आली तर एकदा जन्मलेली, मग दोनदा, मग तीनदा. द्विज! तो शब्द ज्यांनी आपल्या छाताडावर तीन हजार वर्षं नाचवला, तो इथं एका मोलकरणीकडं आलाय. आईच्या पोटातून नाही, जीव धोक्यात घालून मिळवलेला. आणि प्रेम झालं म्हणून साम्राज्य विरघळत नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी दोघी पुन्हा दोन बाजूंना उभ्या. मला हे प्रामाणिक वाटतं.

कोणी म्हणेल, मग तुमचं म्हणणं काय, वैऱ्याच्या घरात प्रेम करूच नये? तसं असतं तर बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये आंतरजातीय लग्न हा खरा उपाय म्हणून सांगितलाच नसता. पण ते तिथं थांबले नाहीत. लोक अशी लग्नं का करत नाहीत, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला आणि बोट ठेवलं शास्त्रांवर, त्या पोथ्यांच्या पवित्रपणावर. तो पवित्रपणा मोडा म्हणाले. म्हणजे प्रेमाला बंदी नाही. प्रेमाबरोबर दरबाराचा कायदा मोडायचा की त्या कायद्यात स्वतःची सोय लावायची, एवढाच सवाल आहे. ‘सैराट’ २०१६ साली आला तेव्हा आर्चीवर सगळा महाराष्ट्र फिदा झाला. बुलेट चालवणारी, कोणाला न भिणारी, आणि ती तर राज्यकर्त्या घरचीच होती. तिच्या प्रेमानं ते घर बदललं काय? ते घर भेटवस्तू घेऊन आलं आणि सुरे चालवून गेलं. तिथं कुठली परी आली नाही.

तर मैत्रिणींनो, पिशवीची चेन उघडा. पुस्तक टेबलावर ठेवा, फुल्यांच्या शेजारी. दादा हसला तर त्याला दोन प्रकरणं वाचायला लावा. शनिवारच्या बैठकीत ह्या पुस्तकांवर बोला, भांडा, तीन प्रश्न विचारा, माझे चुकले असतील तर दुसरे काढा. कोणाला रायसँड आवडत असेल तर का आवडतो ते मोकळेपणानं सांगा, त्यासाठी कोणी कोणाला चळवळीतून काढत नाही.

आणि लिहा. राक्षस, डाकिणी, हडळी, जादूटोणा, ह्याचं सामान इंग्रजांकडनं उसनं आणायची आपल्याला काय गरज? शतकानुशतकं पुराणात ज्यांना राक्षस म्हणून मारलं ते कोण होते? शिंगं कोणाला चिकटवली, सुळे कोणाला लावले? दुसऱ्यांच्या काळोख्या कादंबरीत जो राक्षस असतो तो आपल्या आजीच्या वस्तीत राहत होता. त्याच्या बाजूनं गोष्ट सांगणारी नायिका हवी. ती शेवटी राणी झाली नाही तरी चालेल, पण स्वयंपाकघरातली एकपण बाई मागं ठेवून ती महालाबाहेर पडता कामा नये.

पुढच्या अंकासाठी पानं राखून ठेवायला सांगितलंय मी. वहीच्या कागदावर, पेनानं, शुद्धलेखनाची फिकीर न करता पाठवा.